रेडिओग्रामचा आवाज वीस मिनिटांत फाटतो, व्हॉल्व्ह बदलला तरी पुन्हा तेच

रेडिओग्रामची, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच कपाटात असलेल्या सेटची, ही तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत येते. सेट लावला की पहिली दहा-पंधरा मिनिटं आवाज सुरेख. मग तो हळूहळू घोगरा होतो, तबल्याचा डग्गा फाटका ऐकू येतो, मागून घूं असा हम चढतो आणि पाठीमागच्या जाळीतून गरम मेणाचा वास यायला लागतो. वाकून आत पाहिलं तर आउटपुट व्हॉल्व्हची, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या काचेच्या नळीची, प्लेट (आतला धातूचा पत्रा) तांबूस झालेली. बंद करून तासाभराने लावावा, तर पुन्हा पहिल्यासारखा. दुरुस्तीला दिला की 'व्हॉल्व्ह गेलाय' असं सांगून नवा ईएल८४ (या आउटपुट व्हॉल्व्हचा क्रमांक) बसवून मिळतो, उन्हाळाभर सेट छान वाजतो आणि आषाढातल्या पहिल्या झडीनंतर तीच रड सुरू.

पंचवटी, जुनं नाशिक, रविवार कारंजा इथल्या वाड्यांमध्ये आणि देवळालीच्या जुन्या बंगल्यांमध्ये मर्फी, एचएमव्ही, बुश, नॅशनल एको, फिलिप्स या नावांचे व्हॉल्व्ह रेडिओ आणि रेडिओग्राम अजून सांभाळून ठेवलेले आहेत. त्यांतल्या अनेक सेटना हाच आजार आहे आणि तो कायमचा बरा होतो. ईएल८४ मरतो हे खरं, पण त्याला मारणारा त्याच्या शेजारी बसलेला एक छोटा कागदी कंडेन्सर असतो. तो जागेवर असेपर्यंत तुम्ही कितीही नवे व्हॉल्व्ह घाला, प्रत्येकाचं तेच होणार. ईएल८४ निदान गिटारच्या ॲम्प्लिफायरसाठी परदेशात अजून बनतो, त्यामुळे पैसे टाकून मिळतो. पण तुमच्या सेटमध्ये ईएल४१ किंवा यूएल८४ असेल तर जुन्या साठ्यातला शोधावा लागतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून बनवलेले रिसीव्हिंग व्हॉल्व्हही आता जुन्या दुकानदारांकडे उरलेत तेवढेच. असा व्हॉल्व्ह दर पावसाळ्यात जाळणं मला खरोखर सहन होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक साधी परीक्षा, तिला सेट उघडावाही लागत नाही. रेडिओग्राममध्ये रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर हे दोन स्वतंत्र उगम आहेत, पण शेवटचा आवाजाचा भाग दोघांना एकच. सेट वीस मिनिटं तापू द्या. मीडियम वेव्हवर एखादं स्टेशन लावून ऐका, मग स्विच ग्रामवर फिरवून तबकडी लावा. दोन्हींचा आवाज फाटत असेल तर दोष सामाईक भागात, म्हणजे आउटपुटमध्ये आहे. फक्त रेडिओ बिघडत असेल तर दोष पुढच्या ट्यूनिंगच्या भागात. फक्त रेकॉर्ड बारीक किंवा चिरकी वाजत असेल तर ती पिकअपची (सुई धरणाऱ्या भागाची) भानगड, तिच्याबद्दल शेवटी सांगतो. ही परीक्षा न करताच लोक सुई बदलतात, स्पीकर बदलतात, आणि खर्च करूनही जिथल्या तिथे राहतात.

आता आत काय घडतं ते पाहू. आउटपुट व्हॉल्व्हच्या आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर साधारण ८० ते १०० व्होल्ट डीसी असतात. तिथला आवाजाचा सिग्नल आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (आतला करंट आवरणाऱ्या जाळीवर) न्यायचा, पण ते डीसी व्होल्ट मात्र अडवायचे, एवढंच या कंडेन्सरचं काम. त्याला कपलिंग कंडेन्सर म्हणतात. किंमत बहुधा ०.०१ ते ०.०४७ मायक्रोफॅरडच्या दरम्यान. पन्नास-साठच्या दशकातला असेल तर आत मेणात भिजवलेला कागद आणि त्यावर पातळ धातूचा पत्रा गुंडाळलेला असतो. मेणाला भेगा पडल्या की कागद हवेतला ओलावा ओढून घेतो आणि कंडेन्सर लीक व्हायला लागतो. थंड असताना लीक थोडं असतं. बंद कपाटात चासी (सगळे भाग ज्यावर बसवलेत तो धातूचा सांगाडा) तापली की ते वाढतं. आवाज लावल्या लावल्या न फाटता वीस मिनिटांनी फाटतो तो यामुळे, आणि जून ते सप्टेंबर तक्रारी वाढतात त्याही यामुळेच.

समजा आधीच्या प्लेटवर ९० व्होल्ट आहेत, कंडेन्सरचं लीक २० मेगओहमवर आलंय आणि ग्रिडचा रेझिस्टन्स १ मेगओहमचा आहे. मग ग्रिडवर ९० भागिले २१, म्हणजे सुमारे ४.३ व्होल्ट पॉझिटिव्ह चढतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ईएल८४ नीट चालण्यासाठी त्याचं ग्रिड कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तापलेल्या भागाच्या) मानाने सुमारे ७.३ व्होल्ट निगेटिव्ह असावं लागतं. त्यातले चार व्होल्ट असे खाल्ले गेले की व्हॉल्व्हचा लगाम सुटतो. कॅथोडला १३५ ओहमचा रेझिस्टन्स असेल तर कॅथोडवर ७ व्होल्ट असताना सुमारे ५२ मिलिअँपिअर करंट वाहतो, ते १० पर्यंत चढले की तो ७४ मिलिअँपिअर होतो. या व्हॉल्व्हच्या कॅथोड करंटची कमाल मर्यादा ६५ मिलिअँपिअर आहे आणि प्लेट जास्तीत जास्त १२ वॅट उष्णता सोसते. मर्यादा ओलांडली की प्लेट लाल होते. हा वाढीव करंट रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हमधून) आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधूनही जातो. रेक्टिफायर ईझेड८० असेल तर त्याची ९० मिलिअँपिअरची मर्यादा इथेच संपते, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला तर तो गुंडाळून घेण्यापलीकडे इलाज नाही.

नवा व्हॉल्व्ह घातल्यावर काही महिने बरे जातात, कारण तो ताज्या कॅथोडच्या जोरावर हा मार तेवढे दिवस खातो. रोग मात्र तिथेच असतो.

मीटर हातात घेण्यापूर्वी सुरक्षेचं बोलतो, आणि हा परिच्छेद कृपा करून वगळू नका. सेटमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ते साठून राहतात. प्लग काढा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टन्सची दोन्ही टोकं इन्सुलेटेड तारेने मेन फिल्टरला (त्या मोठ्या कंडेन्सरला) आणि चासीला काही सेकंद धरा, आणि मीटरवर शून्य पाहिल्यावरच हात घाला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करण्याची पद्धत वाईट आहे. चालू सेटवर मोजताना काळी दोरी क्लिपने चासीला अडकवा, डावा हात पाठीमागे ठेवा आणि एकाच हाताने लाल टोक लावा. आणखी एक, व्हॉल्व्हची नावं वाचा. ती 'यू' अक्षराने सुरू होत असतील, म्हणजे यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५ अशी, तर तो एसी-डीसी सेट आहे आणि त्याची चासी थेट लाइनला जोडलेली असू शकते. तबकडीची मोटर एसीवरच चालते म्हणून बहुतेक रेडिओग्राम ट्रान्सफॉर्मरवाले असतात, पण टेबलावरचे छोटे रेडिओ हमखास 'यू' जातीचे निघतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला लाइनपासून वेगळा ठेवणारा) नसेल तर असा सेट स्वतः उघडू नका, जाणकाराकडेच न्या.

बराच काळ बंद असलेला सेट थेट प्लगला लावू नका. १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब सिरीजमध्ये घेतलेला बोर्ड करून घ्या, कुठलाही इलेक्ट्रिशियन करून देतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब एकदम उजळून मग मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

आता मोजणी. ईएल८४ च्या नऊ पिना खालून पाहताना मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात. पिन ३ कॅथोड, पिन २ ग्रिड, पिन ७ प्लेट, पिन ९ स्क्रीन. ईसीएल८२ असेल तर आउटपुटचं ग्रिड पिन ३ आणि कॅथोड पिन २ वर. जुन्या आठ पिनी ६व्ही६ मध्ये ग्रिड ५ वर, कॅथोड ८ वर. चासी उलटी करून लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर नीट टेकवा, स्पीकर जोडलेलाच राहू द्या. स्पीकर सोडवून सेट चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

सेट लावून दोन मिनिटांनी कॅथोडचे व्होल्ट टिपून ठेवा आणि वीस मिनिटांनी पुन्हा पाहा. निरोगी सेटमध्ये आकडा सातच्या आसपास राहतो. सातावरून नऊ, दहा असा चढत गेला तर तुमची तक्रार आकड्यात पकडली गेली. मग लाल टोक ग्रिडवर ठेवा. तिथे शून्य असायला हवं. एक व्होल्ट जरी पॉझिटिव्ह दिसला तरी संशय पक्का. यासाठी डिजिटल मल्टिमीटरच घ्या. काट्याचा जुना मीटर स्वतःच ग्रिडचे व्होल्ट पिऊन टाकतो आणि सगळं ठीक असल्याचं दाखवतो.

पॉझिटिव्ह व्होल्ट दोन कारणांनी येतात, कंडेन्सर लीक असल्याने किंवा व्हॉल्व्हच्या आत वायू झाल्याने. हा निवाडा करायचा तर प्लग काढून, डिस्चार्ज करून कंडेन्सरचा ग्रिडकडचा डाग सोडवा. ती तार कुठेही टेकणार नाही अशी हवेत ठेवा आणि सेट पुन्हा लावा. आवाज येणार नाही, ते बरोबर आहे. ग्रिडवर आता शून्य दिसलं तर व्हॉल्व्ह निर्दोष. मीटरचं टोक कंडेन्सरच्या मोकळ्या तारेला लावा. चांगल्या कंडेन्सरवर काटेकोर शून्याजवळ आकडा स्थिरावतो. १० मेगओहमच्या मीटरवर ३० व्होल्ट दिसले तर लीक नेमकं वरच्या उदाहरणातलं, २० मेगओहमचं आहे. उलट कंडेन्सर सोडवूनही ग्रिड पॉझिटिव्हच राहिलं तर मात्र व्हॉल्व्ह बदलावा लागेल.

इथे अनेकजण फसतात. कंडेन्सर काढून मल्टिमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर पाहतात, ०.०२२ च्या जागी ०.०२४ वगैरे दिसतं आणि 'कंडेन्सर चांगला आहे' असं ठरवून परत लावतात. मीटर एक-दोन व्होल्टवर तपासतो, लीक दिसतं ते शंभर व्होल्टवर आणि तापल्यावर. काढून तपासायचाच असेल तर इलेक्ट्रिशियनचा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) वापरा, तोही कंडेन्सर पूर्ण सुटा करून.

बदली भाग सोपा आहे. तितक्याच मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर. अंगावर १०३, २२३ किंवा ४७३ असं छापलेलं असतं, म्हणजे अनुक्रमे ०.०१, ०.०२२ आणि ०.०४७. एम. जी. रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांत ६३० व्होल्टचा मिळाला नाही तर पुण्याला बुधवार पेठेत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर नक्की मिळतो. सिरॅमिक इथे लावू नका. खर्ज वाढेल म्हणून मायक्रोफॅरड वाढवूही नका. त्याच वेळी ग्रिडचा रेझिस्टन्स मोजा. जुना कार्बनचा रेझिस्टन्स वयाने वाढतो, आणि ईएल८४ ला कॅथोड बायसवर (कॅथोडला रेझिस्टन्स असलेल्या जोडणीत) १ मेगओहमपेक्षा जास्त चालत नाही. तो दीड-दोन मेगवर गेला असेल तर तोही बदला.

पंचवटीतल्या एका वाड्यातला रेडिओग्राम याच दुखण्याने माझ्याकडे आला होता. घरातल्या आजोबांनी काढून टाकलेले सगळे ईएल८४ बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते. सेटचा कॅथोड सुरुवातीला ७.२ व्होल्ट, तापल्यावर १०.१, आणि ग्रिडवर ५ व्होल्ट पॉझिटिव्ह. एक कंडेन्सर बदलला आणि दोन तास चालवूनही कॅथोड सातापुढे हलला नाही. नंतर डब्यातले 'गेलेले' व्हॉल्व्ह एकेक करून लावून पाहिले, तर त्यांतले काही उत्तम वाजले. ते कधी गेलेच नव्हते. अशा डब्यातला एकही व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय फेकू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

कपलिंग कंडेन्सर बदलूनही प्लेट लालच होत असेल, तर पुढे पाहण्यासारख्या जागा थोड्याच आहेत. कॅथोडवर जवळजवळ शून्य व्होल्ट आणि प्लेट लाल, असं असेल तर कॅथोडला समांतर जोडलेला २५ किंवा ५० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक शॉर्ट झालाय.

दुसरी जागा रेक्टिफायरची. ईझेड८० मिळाला नाही म्हणून त्याच्या जागी दोन वन एन ४००७ डायोड लावून दिलेले सेट मी खूप पाहतो. डायोडमध्ये व्होल्ट फारसे पडत नाहीत, त्यामुळे एचटी (प्लेटना मिळणारी मोठ्या व्होल्टची डीसी) मूळ आकड्याच्या वर जाते, आणि बाकीचे व्हॉल्व्ह तापायच्या आधीच पूर्ण व्होल्टेज कंडेन्सरवर आदळतं. सर्किटवर लिहिलेली एचटी परत मिळेल एवढा रेझिस्टन्स डायोडनंतर घालायलाच हवा, किंवा सरळ व्हॉल्व्ह परत बसवावा. माझा कौल व्हॉल्व्हला. आणि व्हॉल्व्हनंतर हम कमी व्हावा म्हणून पहिला फिल्टर १०० किंवा २२० मायक्रोफॅरडचा लावू नका. ईझेड८० आणि ईझेड८१ दोघांनाही ५० च्या वर सोसत नाही. मूळ ५० असेल तर ४७ लावा, ३२ असेल तर ३३.

तिसरी जागा व्होल्टेजच्या पट्टीची. ट्रान्सफॉर्मरजवळ २००, २२०, २४० असे टॅप असतात आणि बहुतेक सेट पन्नास-साठ वर्षांपासून २२० वर आहेत. तुमच्या घरात रात्री किती व्होल्ट येतात ते मोजा. २४५ येत असतील आणि टॅप २२० वर असेल तर ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला ७ व्होल्ट मिळतात आणि एचटीही त्याच प्रमाणात चढते. टॅप २४० वर न्यायला पाच मिनिटं लागतात. एवढ्याने सगळ्या व्हॉल्व्हचं आयुष्य वाढतं.

कपलिंगचं झालं की बाकीचे कागदी कंडेन्सरही बदला, पण एका दमात नाही. एक बदला, सेट ऐका, मग दुसरा. चूक झाली तर कुठे झाली ते कळतं. मेणकट, डांबरात बुडवलेले काळे आणि अंगावर भेगा गेलेले तपकिरी, हे सगळे जायला हवेत. मोहरीच्या रंगाचे पिवळे पॉलिएस्टर, मायका आणि सिरॅमिक सहसा चांगले असतात, त्यांना हात लावू नका. लाइनच्या दोन तारांमध्ये असलेला कंडेन्सर मात्र एक्स-२ प्रकारचा, २७५ व्होल्ट एसीचाच घ्या. काम झालं की तारीख, कॅथोडचे व्होल्ट आणि टॅप कागदावर लिहून तो पाठीमागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वर्षी तोच आकडा ताडून पाहता येतो.

पावसाळ्यात सेट ओल धरणाऱ्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आणि आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास चालवा. त्या उबेने आतला ओलावा निघतो. चालू असताना वरचं झाकण उघडं ठेवा. खाली चासी तापते आणि ती गरम हवा थेट पिकअपपर्यंत चढते.

पिकअपचं सांगायचं राहिलं होतं. जुन्या क्रिस्टल पिकअपमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो, म्हणजे पोटॅशियम सोडियम टार्टरेट. वाइनच्या पिंपात जो टार्टरचा थर बसतो त्यापासून हे मीठ तयार करतात, त्यामुळे द्राक्षं पिकवणाऱ्या नाशिककराला ते परकं वाटायला नको. हा स्फटिक पाण्यात विरघळतो, दमट हवेत खराब होतो आणि ५५ अंशांच्या आसपास तापला तरी बिघडतो. रेडिओ भरदार आणि रेकॉर्ड मात्र चिरकी, बारीक, खर्ज नसलेली वाजत असेल तर हा स्फटिक गेला. तो दुरुस्त होत नाही. त्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवा, त्याला ओलाव्याचं तेवढं भय नाही. टोनआर्मचं वजन मात्र नव्या कार्ट्रिजला हवं तेवढंच ठेवा, नाहीतर रेकॉर्डच्या खाचा घासल्या जातील.

सराफ बाजार, भांडी बाजार या भागांत २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरलं तसं गोदावरीचं पाणी ज्या सेटला लागलं असेल, त्याला यातलं काहीच आधी लागू होत नाही. असा सेट 'वाळला असेल' म्हणून लावून पाहू नका. गाळ कोरड्या ब्रशने काढा, स्पीकर आणि कपाट वेगळं करा, ट्रान्सफॉर्मर काढून कित्येक दिवस उबदार जागी ठेवा. वरून कोरडा दिसला तरी आतल्या कागदात पाणी राहतं. मग ५०० व्होल्टच्या मेगरने प्रायमरी (लाइनकडचं वेटोळं) आणि गाभ्यामधलं, प्रायमरी आणि एचटीमधलं इन्सुलेशन पाहा. ते दहा-वीस मेगओहमच्या खाली असेल तर आणखी वाळवा. कागदी कंडेन्सर तर सगळेच नवे घाला, पहिल्यांदा सिरीज बल्बवर घ्या आणि आउटपुट व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी बसवा.